मामंजींच्या अंगठ्यातला जोर

लग्न होऊन मी मंगळवार पेठेत आले, तेव्हा सासरच्या घराची पहिली रीत मला कळली ती ही, की या घरात टायरला लोखंड लावत नाहीत. सांगितली खुद्द मामंजींनी. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. त्यामुळे नव्या सुनेला घरच्या रीतीभाती सांगायचं काम सासऱ्यांवर आलं होतं आणि त्यांना त्यातलं फारसं काही ठाऊक नव्हतं. नैवेद्याला काय करायचं, ओटी कशी भरायची, काहीही विचारलं की म्हणायचे, "शेजारच्या काकूला इचार." टायरचं मात्र पक्कं होतं.

टायर म्हणजे सायकलचा. नव्वदच्या सुरुवातीची ती वर्षं. पेठेत घरटी एक तरी सायकल होती, आणि नवा टायर रिमवर चढवणं हे दिसतं तितकं सोपं काम नव्हतं. एका बाजूची कड बसते. दुसरीही बरीचशी बसते. शेवटचा वीतभर तुकडा मात्र रिमच्या बाहेर राहतो तो राहतोच, कारण टायरच्या कडेत तार असते आणि तार काही ताणली जात नाही. मग दुकानदार स्क्रू ड्रायव्हर नाहीतर चपटा पाना आत घालून तो तुकडा ढकलतो आणि आतली ट्यूब चिमटते. नवा टायर, नवी ट्यूब, आणि घरी पोचायच्या आत हवा गेलेली. म्हणून पेठेतले लोक टायर दुकानातून विकत घ्यायचे आणि चाक घेऊन यायचे आमच्या ओट्यावर.

सकाळी कामावर जाताना चाक आणि टायर ठेवून जायचे, संध्याकाळी न्यायचे. मामंजी दुपारची झोप काढून उठले, चहा घेतला, की बनियन आणि धोतरावर ओट्यावर बसायचे. चाक दोन्ही गुडघ्यांत धरायचं, दोन्ही अंगठे त्या अडलेल्या तुकड्यावर ठेवायचे, डोळे मिटायचे. मानेच्या शिरा टरारून यायच्या. आणि टप असा आवाज होऊन टायर आत बसायचा.

"टायरला लोखंड लावायचं न्हाय," ते म्हणायचे. "माणसानं बसवायचा."

पैसे घेत नसत. कुणी देऊ केले तर रागवायचे. त्यांना हवा असायचा तो ऐकणारा, कारण टायर बसला की रव्यांची गोष्ट ठरलेली. मामंजींची उमेदीची वर्षं गेली ती तालमीत आणि मग मार्केट यार्डात गुळाचे रवे, म्हणजे मोठाल्या ढेपा, उचलण्यात. कुस्तीत त्यांचं नाव झालं नाही, ते स्वतःच तसं म्हणायचे. पण यार्डात एकदा भर सौद्याच्या वेळी अवकाळी पाऊस आला, उघड्यावर रवे मांडलेले, बाकीचे हमाल ताडपत्री शोधत पळाले, आणि मामंजींनी दोन बगलांत दोन रवे मारून खेपा सुरू केल्या. शेवटचा रवा छपराखाली येईपर्यंत थांबले नाहीत. मग ज्याचा तो गूळ होता तो व्यापारी आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "दाव बघू हात." आणि त्यांचे हात आपल्या हातात घेऊन उलटसुलट करून बघत राहिला.

गोष्ट इथे संपायची. व्यापारी पुढे काय बोलला, बक्षीस दिलं का, हे मामंजी कधी सांगायचे नाहीत आणि कुणी विचारायचंही नाही. मला ती इतकी पाठ झाली होती की भाकरी थापता थापता मी ती ओठांतल्या ओठांत त्यांच्या बरोबरीने म्हणायची.

आता माझं. माझ्या वडिलांचं कुरुंदवाडला सायकलचं दुकान होतं. भाड्याने सायकली द्यायच्या, पंक्चर काढायची, चाकं सरळ करायची. मी शाळेतून आले की त्यांच्या हाताखाली. टायर बसवायला जोर लागत नाही, हे मला शाळेच्या आधी कळलं असेल. रिमच्या मधोमध एक खोलगट पन्हळ असते. टायरची कड बोटांनी चिमटून चिमटून सगळीकडून त्या पन्हळीत उतरवत आणली, की शेवटाला आपोआप ढील मिळते. फक्त सुरुवात व्हॉल्व्हच्या समोरून करायची आणि शेवट व्हॉल्व्हपाशी. मामंजी बरोबर उलटं करायचे. व्हॉल्व्हपाशी सुरू करायचे, पन्हळीकडे बघायचेही नाहीत, आणि शेवटाला उरलेला सगळा ताण एकट्या अंगठ्यांनी मोडून काढायचे.

पहिल्या दिवशी ते बघून मला हसू आलं होतं. पदराआड हसले. लग्नाआधी वडिलांनी बजावलं होतं, "तिथं गेल्या गेल्या चाकाला हात लावू नको. आदी त्या घरचं बघ." म्हणून गप्प राहिले. पुढे महिने गेले, वर्षं गेली, आणि हसू कुठच्या कुठे गेलं. इतक्या चुकीच्या पद्धतीने इतकं अवघड करून ठेवलेलं काम हा माणूस रोज करून दाखवतो, याचं मलाच अप्रूप वाटायला लागलं. त्यांना पद्धत सांगावी असं तेव्हा एकदाही मनात आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं.

नव्वदची वर्षं संपत आली तेव्हा त्यांचे अंगठे थकले. एका संध्याकाळी समोरच्या घरातल्या शिंप्याचं चाक होतं. मामंजींनी डोळे मिटले, शिरा टरारल्या, आणि काहीच झालं नाही. पुन्हा केलं. अंगठा सटकला आणि कोपर ओट्यावर आपटलं. शिंपी शेजारी उभा. मामंजी त्याला म्हणाले, "टायर लई कडक हाय. उद्या घिऊन जा." तो गेल्यावर चाक तसंच मांडीवर घेऊन दिवेलागणीपर्यंत बसून राहिले. जेवायला बोलावलं तर म्हणाले भूक नाही. त्या ताटातली भाकरी मी झाकून ठेवली आणि माझाच जीव तुटला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते झोपल्यावर मी तो टायर मागच्या पत्र्यावर उन्हात टाकला. चांगला तापून मऊ झाल्यावर दोन्ही कडांना साबणाचं पाणी चोळलं, पहिली कड पन्हळीत नीट बसवून दिली आणि चाक होतं तिथे भिंतीला टेकवून ठेवलं. संध्याकाळी मामंजी बसले. टप.

त्यांनी डोळे उघडले आणि आपल्या अंगठ्यांकडे बघितलं. मग शिंप्याला हाक मारली. त्या दिवशी रव्यांची गोष्ट इतकी रंगली, की शिंप्याची बायको जेवायला बोलवायला येऊन तीही ऐकत उभी राहिली. रात्री मामंजींनी भाकरी मागून घेतली. मला आनंद झाला होता, ते नाकारण्यात अर्थ नाही. स्वतःवर खूश होऊन झोपले मी.

मग ती सवयच झाली. चाक आलं की दुपारी पत्रा, ऊन, साबण. पहिल्या पहिल्यांदा अंगाचा साबण वापरला तर मामंजी टायर नाकाशी नेऊन म्हणाले, "ह्येला वास कसला गं येतोय? मोगऱ्याचा?" दुसऱ्या दिवसापासून धुण्याचा साबण. पावसाळ्यात ऊन नसायचं, तेव्हा टायर पाणी तापवायच्या चुलीजवळ ठेवायची आणि जळका वास येऊ नये म्हणून तिथेच उभी राहायची. आमच्या ह्यांना सांगितलं. ते शिरोलीला फाउंड्रीत होते, पाळीवरून दमून यायचे. हसले आणि म्हणाले, "चाललंय ते चालू दे की. म्हातारा खूश हाय न्हवं?"

खूश होतेच. पण त्या खुशीला पाय फुटायला लागले. साठी ओलांडलेला माणूस, परत पहाटे उठून दंड मारायला लागला. गॅसचा सिलिंडर मी नको नको म्हणताना खांद्यावर घेऊन आत आणला. छातीत कळ येते म्हणून ह्यांनी डॉक्टरकडे चला म्हटलं, तर उत्तर आलं, "माजी तपासणी मी रोज ओट्यावर करतोय. टायर बसतोय न्हवं? मग?" मी तेव्हा स्वयंपाकघरात होते. हातात साबणाची वडी होती असं म्हटलं तर रचून सांगितल्यासारखं होईल, पण ती मोरीच्या कट्ट्यावर होती आणि मला दिसत होती. तेव्हा बोलायला हवं होतं. मी कढईत डाव फिरवत राहिले.

आमच्याकडे दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवतात. ज्यांनी बघितलं नाही त्यांना खरं वाटत नाही. म्हशी धुऊन, भादरून, तेल लावून काळ्याभोर चमकवतात, शिंगं रंगवतात, गळ्यात कवड्यांच्या माळा, शिंगांना मोरपिसं. आणि मालक मोटरसायकलचा सायलेन्सर काढून, कानठळ्या बसवत ती पुढे पळवतो आणि म्हैस त्याच्या मागे धावत सुटते. दोन्ही बाजूंना माणसं दाटलेली. आमच्या शेजारी दूधवाले होते, त्यांच्या म्हशी दरवर्षी निघायच्या. त्या साली त्यांनी नेसरीकडून नवी म्हैस आणली होती. अंगाने दांडगी, पण गडबडीला न सरावलेली. तिला सुरुवातीला दोर धरून न्यायला लागणार होतं आणि दोर धरणारा त्यांचा भाचा तापाने पडला होता.

पाडव्याच्या दुपारी शेजारी ओट्यापाशी आले. मामंजी नवा फेटा बांधून बसले होते. मी रांगोळीत रंग भरत होते. सगळी गल्ली बाहेरच होती.

"मामा, तुमी धरशीला काय दोर? कोपऱ्यापतूर नुसता. फुडं ती आपसूक पळतीया," शेजारी म्हणाले. आणि मग जरा ओशाळून, "जमंल न्हवं?"

मामंजी हसले. "मला काय इचारतोस? आमच्या सुनेला इचार. परवा टायर कसा बसवला, सांग गं त्येला."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. परवाचा टायर मी सकाळपासून पत्र्यावर टाकला होता आणि साबण दोनदा चोळला होता. नुसतं "मामंजी, नको" म्हटलं असतं तरी पुरलं असतं. सूनबाई घाबरली म्हणून सगळे हसले असते आणि विषय मिटला असता. पण गल्लीसमोर, सणाच्या दिवशी, नव्या फेट्यात बसलेल्या माणसाला कमी लेखायचं कसं? आणि खरं म्हणजे इतका विचारही मी केला नाही. खोटं बोलायची मला इतकी सवय झाली होती की ते तोंडातून जाताना जाणवलंदेखील नाही.

"हाय की जोर," मी म्हटलं. "परवाच बसवला की. टप्‌दिशी."

लोक हसले. मामंजी उठले. मी परत रांगोळीत रंग भरायला बसले.

मोटरसायकल गरजली तशी म्हैस मागे पळायच्या ऐवजी आडवी उधळली. मामंजींना पकड पुरत नव्हती, म्हणून त्यांनी दोर तळहाताला गुंडाळून घेतला होता. जनावर धरणारा माणूस असं कधी करत नाही, पण हात धरून ठेवत नसेल तर माणूस दुसरं काय करणार? आणि त्यांनी तो सोडलाही नाही. कोपऱ्यापर्यंत फरपटत गेले. मी पोचले तेव्हा फेटा कुठेतरी मागे पडला होता, गुडघे सोलवटले होते आणि उजवा हात मनगटापासून भलतीकडेच वळला होता. अंगठा तर बघवत नव्हता.

रिक्षात त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. दवाखाना येईपर्यंत ते एकच बोलत होते, "दोर नवा हुता. घसरला. न्हायतर सोडतोय व्हय मी?" मी "व्हय, व्हय" म्हणत होते. माझ्या बोटांना रांगोळीचा हिरवा रंग होता आणि तो त्यांच्या बनियनला लागला. तो डाग कितीही धुतला तरी पुरता गेला नाही.

हाताला प्लास्टर झालं. बघायला येणाऱ्या प्रत्येकाला मामंजी नव्या दोराची गोष्ट सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, "फुडल्या पाडव्याला बघू की." लोकांना वाटायचं म्हातारा चेष्टा करतोय. मला माहीत होतं की चेष्टा नाही.

माझे वडीलही आले कुरुंदवाडहून. चहा होईपर्यंत ओट्यावर बसले होते. अपघाताच्या आदल्या दिवशी तयार करून ठेवलेलं एक चाक अजून तिथेच भिंतीला टेकलेलं होतं. ज्याचं होतं त्याचं ते न्यायचंच राहिलं होतं. वडिलांनी सवयीने ते हातात घेतलं, कडेवरून बोट फिरवलं. बोटाला पांढरी पूड लागली. त्यांनी ते बोट नाकाशी नेलं आणि मग माझ्याकडे बघितलं. चाक परत भिंतीला टेकवलं.

स्टँडवर गाडीची वाट बघताना म्हणाले, "किती वरसं चाललंय ह्ये?"

मला राग आला. चोरी पकडली की मला आधी रागच येतो. म्हटलं, "तुमीच म्हणला हुता न्हवं, चाकाला हात लावू नको म्हणून?"

"हात लावू नको म्हणलो. साबण लाव म्हणलो न्हाय."

गाडी लागली. पायरीवर चढता चढता वळून म्हणाले, "त्येस्नी खरं सांग. न्हायतर फुडल्या पाडव्याला परत जात्यात बघ दोर धरायला. आनि मग हातावर भागायचं न्हाय."

ते वर्ष मी ढकललं. प्लास्टर निघालं. मामंजी दिवसभर रबरी चेंडू दाबत बसायचे. टायर घेऊन कुणी आलं की मी दारातूनच परत पाठवायची, "हात बरा व्हायचाय अजून." सांगायचं रोज ठरवायची. सकाळी वाटायचं चहा झाल्यावर सांगू, चहा झाल्यावर वाटायचं जेवू तर देत. डॉक्टरांना गाठून विचारलं, तर ते म्हणाले, वयाच्या मानाने हात छान जुळलाय, पण पूर्वीची ताकद विसरा. मी ते मामंजींना सांगताना पहिलं अर्धं वाक्य तेवढं सांगितलं.

दिवाळी जवळ आली. आमच्या स्वतःच्या सायकलचा मागचा टायर झिजला होता, ह्यांनी नवा आणला. मामंजींनी तो बघितला आणि म्हणाले, "हितं ठेव. मीच बसवतो. बसला की शेजाऱ्याला सांगतो, औंदा दोर माज्याकडं."

म्हणजे सगळं त्या टायरवर आलं. आणि मी काय केलं, तर काहीच नाही. टायर पत्र्यावर टाकला नाही. साबण लावला नाही. घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात, पाण्याच्या पिंपामागे ठेवला. मला वाटलं, आपण बोलायला नको, टायरच काय ते सांगेल. याला मी तेव्हा शहाणपण समजले. भित्रेपणा होता नुसता.

संध्याकाळी ते बसले. मी समोर गवारी मोडत होते. त्यांनी डोळे मिटले. उजवा अंगठा नीट वळतच नव्हता, तरी दोन्ही टेकवले आणि रेटलं. टायर हलला नाही. श्वास घेतला, परत रेटलं. मग परत. अंगठ्याची साल निघाली आणि टायरच्या कडेला रक्त लागलं. ते त्यांनी धोतराला पुसलं.

"ह्ये टायरच आता ल्हान करायला लागल्यात," ते म्हणाले. "पैसं वाचवत्यात."

"ऱ्हाऊ दे, मामंजी."

"बसतोय. का बसंना? गेल्या साली बसत हुता की."

आणि परत रेटायला लागले. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की टायर त्यांना काहीच सांगणार नाही. ते टायरला दोष देतील, कंपनीला देतील, अंगठा मोडेपर्यंत रेटत राहतील आणि पाडव्याला दोर धरायला जातीलच. त्यांच्याकडे पुरावा होता. तो पुरावा मी वर्षानुवर्षं साबण लावून तयार करून दिला होता.

मी गवारीचं ताट बाजूला सारलं. "मामंजी, त्या टायरांना साबण लावलेला असायचा," मी म्हटलं. "दुपारी तुमी झोपल्यावर. मी लावायची."

त्यांना आधी कळलंच नाही. "कुटल्या टायरांना?"

"सगळ्याच. शिंपीकाकांच्या त्या टायरापास्नं."

त्यांनी अंगठे टायरवरून काढले. ते रागावले असते तर मी तिथेच थांबले असते. पण ते नुसते त्या अंगठ्यांकडे बघत राहिले, ते मला सोसेना, आणि मी त्यांच्या मांडीवरून चाक ओढून घेतलं. काय दाखवायचं होतं मला? कदाचित एवढंच, की बघा, यात तुमचा दोष नाही. टायर पुन्हा उतरवला. व्हॉल्व्हच्या समोरून सुरुवात केली, कड चिमटत, पन्हळीत उतरवत, दोन्ही हातांनी दोन्हीकडून पुढे आले. पुरता टायर किती वर्षांनी बसवत होते, पण बोटं काहीच विसरली नव्हती. शेवटचा तुकडा व्हॉल्व्हपाशी आला आणि साबण नाही, ऊन नाही, नुसत्या तळव्याने सरकून आत गेला. टप असा आवाजही झाला नाही.

त्यातही मला क्षणभर बरं वाटलं. बापाच्या दुकानातली पोर होते ना. ते बरं वाटणं मला आजही डाचतं.

मामंजींनी चाक परत घेतलं. ट्यूब कुठे चिमटली नाही ना ते बघितलं. चाक हळूहळू फिरवलं, पन्हळीवरून बोट फिरवलं.

"पयल्यापास्नं आसंच बसतोय?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"म्हंजी जोर लागतच नव्हता व्हय?"

मी गेल्या चार-दोन वर्षांचं खोटं कबूल करायची तयारी केली होती. त्यांनी विचारलं ते सगळ्या आयुष्याचं. जे खरं होतं ते माझ्या तोंडातून निघेना.

"लागतोय की, मामंजी," मी म्हटलं.

मागच्या पाडव्याला याच ओट्यावर मी याच आवाजात बोलले होते आणि अख्ख्या गल्लीला ते पटलं होतं. आज ऐकायला ते एकटे होते आणि त्यांना पटलं नाही. त्यांनी चाक भिंतीला टेकवलं, मोरीवर जाऊन अंगठा धुतला आणि आतून मला हाक मारून हळद मागितली. मी लावून दिली. "बास," म्हणाले.

त्या पाडव्याला शेजाऱ्यांच्या म्हशीचा दोर भाच्याने धरला. मामंजी ओट्यावर बसून बघत होते. फेटा बांधला नव्हता. ते सुखरूप आहेत हे बघून मला हायसं वाटायला हवं होतं, आणि वाटलंही, पण मी दर थोड्या वेळाने कामाचं निमित्त करून आत जात होते.

पुढे टायर घेऊन कुणी आलं की ते म्हणायचे, "सुनेकडं द्या." मी ओट्यावर बसून बसवायची आणि ते चाक हलू नये म्हणून डाव्या हाताने धरून ठेवायचे. माझ्यावर कधी रागावले नाहीत. उलट पाहुण्यांसमोर म्हणायचे, "आमची सून बसवती की टायर. बापानं चांगलं शिकवलंय." एकदा तरी त्यांनी मला फाडून बोलावं म्हणून मी वाट बघायची. हळूहळू लोकांकडे मोटरसायकली आल्या आणि चाकं यायची थांबली, त्याचं मला बरंच वाटलं.

रव्यांची गोष्ट त्यांनी त्या संध्याकाळनंतर सांगितली नाही. शिंपी एकदा मुद्दाम म्हणाला, "मामा, ती यार्डातली सांगा की." तर म्हणाले, "जुनं झालं ते." मला शब्दन्‌शब्द पाठ होती. अवकाळी पाऊस आला, एवढी सुरुवात मी करून दिली असती, तर कदाचित पुढचं त्यांनी सांगितलं असतं. पण मला भीती वाटायची. वाटायचं, मध्येच थांबून विचारतील, पोरी, रवं उचलायला तरी जोर लागत हुता काय?

त्यांनी विचारलं असतं, तर त्याला मला खरं उत्तर देता आलं असतं. लागत होता, मामंजी. गुळाच्या रव्याला पन्हळ नसते, ऊन दाखवून तो हलका होत नाही, ते तुम्ही तुमच्याच हातांनी उचललेत. एवढं एक खरं माझ्याजवळ होतं. ते गेले त्याला आता बरीच वर्षं झाली, आणि ते मी त्यांना सांगितलं नाही.